खतापूर्वी मातीची ओळख

हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे १९७२ साली मका आणि गहू या पिकांवर एक दीर्घकालीन प्रयोग सुरू करण्यात आला. एका शेताचे अनेक वाफे पाडून काहींस दरवर्षी केवळ युरिया, काहींस नत्र, स्फुरद व पालाश ही तिन्ही अन्नद्रव्ये, काहींस त्या तिहींच्या जोडीला शेणखत, तर काहींस चुना, अशा क्रमाने खते देण्यात आली. काही वाफ्यांस मुळीच खत दिले नाही. ज्या वाफ्यांस केवळ युरिया मिळाला, त्यांचे उत्पन्न काही वर्षांतच घसरू लागले आणि पुढे तर तेथे मका अथवा गहू यांपैकी काहीच येईनासे झाले. खत न दिलेल्या वाफ्यांत थोडेफार तरी पीक येत राहिले. खत दिलेली जागा मात्र उजाड झाली. त्याच शेतात, त्याच पावसावर, तिन्ही अन्नद्रव्यांबरोबर शेणखत किंवा चुना मिळालेले वाफे भरघोस पिकत होते.

या विपरीत घटनेचे कारण युरियाच्या पोत्यात शोधून सापडणार नाही. ते पालमपूरच्या मातीत आहे. ती माती मुळातच आम्लधर्मी. युरियातील नत्राचे मातीतील सूक्ष्म जंतू नायट्रेटात रूपांतर करतात आणि त्या क्रियेत आम्ल निर्माण होते. वर्षानुवर्षे हे आम्ल साचत गेले. आम्लता एका मर्यादेपलीकडे वाढली की मातीतील अल्युमिनियम विरघळू लागते आणि ते मुळांची कोवळी टोके जाळते. मातीत असलेला थोडासा स्फुरदही अशा स्थितीत लोह व अल्युमिनियम यांच्याशी जखडला जातो. नत्राची रेलचेल आणि बाकी सर्व गोष्टींचा दुष्काळ, अशा अवस्थेत रोप वाढणार तरी कसे?

खत पिकाला घातले असे व्यवहारात म्हणतात. वस्तुतः ते मातीला घातलेले असते. त्यातील किती अंश मुळापर्यंत पोचू द्यावयाचा, किती अडवून धरावयाचा आणि किती पाण्याबरोबर वाहून जाऊ द्यावयाचा, हे माती ठरविते. असे असता आपल्या देशात खताचा प्रसार जितक्या वेगाने झाला, तितक्या वेगाने मातीची ओळख मात्र वाढली नाही. आधी खत आणि मग, जमल्यास, मातीचे परीक्षण, हा क्रम उलटा आहे. तो सुलटा केल्यावाचून शेतीचा खर्च कमी होणार नाही आणि जमिनीची हानीही थांबणार नाही.

मातीची घडण

चांगल्या पिकाऊ मातीचा एक घनफूट तुकडा घेतला, तर त्याच्या घनफळाचा निम्म्याहून थोडा कमी भाग खनिज कणांचा असतो. सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असून त्यांत पाणी आणि हवा यांची वाटणी झालेली असते. उरलेला अल्प अंश, फार तर ५ टक्के, सेंद्रिय द्रव्याचा असतो. खनिज कणांत वाळू सर्वांत जाड, गाळाचे कण मध्यम आणि चिकणमातीचे कण सर्वांत बारीक. चिकणमातीच्या कणाचा व्यास मिलिमीटरच्या दोन-सहस्रांशाहूनही लहान असतो. वाळूतून पाणी झरझर निघून जाते व हवा मोकळी खेळते. चिकणमातीत पाणी टिकते, पण हवेची वाट अरुंद होते. मुळांना पाणी हवे तसा श्वासही घ्यावा लागतो. म्हणून वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे प्रमाण जेथे समतोल असते, ती पोयट्याची जमीन बहुतेक पिकांस मानवते.

चिकणमातीचे महत्त्व केवळ पाणी धरून ठेवण्यापुरते नाही. तिच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश व अमोनियम यांचे धनभारित आयन या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि मुळांच्या मागणीप्रमाणे हळूहळू सुटतात. चिकणमाती ही अशा रीतीने रोपाची कोठी होय. नायट्रेटचा भार मात्र ऋण असल्याने या कोठीत त्याला जागा मिळत नाही. जोराचा पाऊस झाला की तो खाली झिरपून जातो. रेताड जमिनीत सगळा नत्र एकाच वेळी देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. तेथे तो दोन-तीन हप्त्यांत द्यावा असे कृषितज्ज्ञ सांगतात, त्याचे कारण हेच.

सर्व कोठ्या सारख्या मोठ्या नसतात. दख्खनच्या काळ्या मातीतील चिकणकण पापुद्र्यापापुद्र्यांचे असून पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात या जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा त्याचीच खूण होत. हे कण अन्नद्रव्ये व ओलावा दोन्ही भरपूर धरून ठेवतात, म्हणून पाऊस संपल्यावरही कपाशी, ज्वारी किंवा हरभरा या जमिनीच्या ओलीवर तग धरतो. दक्षिणेकडील तांबड्या मातीतले चिकणकण वेगळ्या घडणीचे आहेत. ते फुगत नाहीत व त्यांची धारणशक्तीही थोडी. एकाच मात्रेचे खत या दोन जमिनींत सारखेच फळ देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

१८९८ साली जे. डब्ल्यू. लेदर यांनी भारतातील मातीचे गंगा-सिंधूच्या मैदानातील गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मोठे वर्ग सांगितले. पुढील संशोधनाने या वर्गीकरणात पुष्कळ भर घातली असली, तरी मूळ मुद्दा कायम आहे. या देशात ‘भारतीय माती’ अशी एकच वस्तू नाही. मलबारातील ज्या दगडाला फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ साली ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तोच कोकणात जांभा म्हणून घरांच्या भिंतींत दिसतो. मुसळधार पावसाने या भूमीतील चुना व पालाश धुऊन नेलेले असतात आणि मागे लोह व अल्युमिनियम उरलेले असते. येथे घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग मातीच गिळून टाकते. याउलट आसामातील चहाला आम्ल जमीनच लागते; ज्या अल्युमिनियमने पालमपूरचा गहू मेला, ते पानांत साठवूनही चहाचे झाड निकोप राहते. तेव्हा एखादी माती चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणत्या पिकासाठी चांगली, असे विचारावयास हवे.

जे उणे, ते निर्णायक

एकोणिसाव्या शतकात कार्ल स्प्रेंगेल आणि त्याच्यामागून युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनज्ञांनी एक नियम मांडला. वनस्पतीला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल, त्याच्या मापाने तिची वाढ ठरते. इतर द्रव्ये कितीही वाढविली तरी उपयोग होत नाही. बैलजोडीतील एक बैल लंगडत असेल, तर दुसरा कितीही धट्टाकट्टा असला तरी गाडी लंगड्या बैलाच्याच चालीने चालणार. चाबूक धडधाकट बैलावर ओढण्यात शहाणपण नाही.

या नियमाचा एक लक्षणीय प्रत्यय हिमालयाच्या पायथ्याशी तराई प्रदेशात आला. जंगल तोडून लागवडीखाली आणलेली तेथील जमीन दिसावयास सुपीक होती. परंतु भाताच्या रोपांच्या पानांवर काताच्या रंगाचे तांबूस-तपकिरी डाग पडू लागले, रोपे खुजी राहू लागली आणि शेतेच्या शेते वाया जाऊ लागली. शेतकरी या विकाराला ‘खैरा’ म्हणत. पंतनगर येथील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की, हा विकार जस्ताच्या उणिवेमुळे होतो. हेक्टरी सुमारे ५ किलोग्रॅम झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीबरोबर फवारले की रोपे पुन्हा हिरवी होत. जस्त पिकाला लागते ते अत्यल्प. पण तेवढे न मिळाल्याने नत्र, स्फुरद, पाणी आणि शेतकऱ्याचे श्रम हे सर्व निष्फळ ठरत होते.

मातीत एखादे द्रव्य असणे निराळे आणि ते रोपाला मिळणे निराळे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मातीची आम्लता अथवा विम्लता सामू या अंकाने मोजतात. ७ हा अंक उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. सामू वाढत गेला की जस्त, लोह व मंगल ही द्रव्ये न विरघळणाऱ्या रूपात जातात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही उसाची किंवा भुईमुगाची पाने पिवळी पडतात ती याचमुळे. भरल्या घरात उपाशी राहण्यासारखाच हा प्रकार आहे.

अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हाच्या व भाताच्या जाती १९६० नंतरच्या दशकात आल्या. त्यांनी देशाला दुर्भिक्षाच्या भयातून बाहेर काढले, हे निर्विवाद आहे. पण अधिक धान्य म्हणजे मातीतून अधिक उचल. ती नत्राची झाली, तशी जस्ताची, गंधकाची व बोरॉनचीही झाली; परतफेड मात्र मुख्यतः नत्राची होत राहिली. पूर्वीच्या अमोनियम सल्फेटातून आणि सुपर फॉस्फेटातून गंधक न मागता मिळत असे. त्यांची जागा युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांनी घेतल्यावर तो पुरवठा आटला. देशभर तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्ताची उणीव आढळली आहे.

शेणखत की रासायनिक खत?

अशी उदाहरणे पुढे आली की, रासायनिक खत हे विषच आहे, ते बंद करावे, असा एक पक्ष बोलू लागतो. शेणखताने एवढ्या लोकसंख्येचे पोट कसे भरणार, असा दुसऱ्या पक्षाचा उलट प्रश्न असतो. दोन्ही पक्ष मातीकडे न पाहता वाद घालतात.

मूळ नायट्रेट शोषून घेते तेव्हा तो शेणातून आला की कारखान्यातून, हा भेद ते करीत नाही. शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे एक टन खतात सुमारे ५ किलोग्रॅम. युरियाच्या ४५ किलोग्रॅमच्या एका गोणीत सुमारे २१ किलोग्रॅम नत्र असतो. एका गोणीची बरोबरी करावयास चार टन शेणखत लागेल. केवळ अन्नद्रव्यांचा हिशेब केला तर शेणखत अपुरे पडते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु शेणखताचे काम या हिशेबात मावत नाही. सेंद्रिय द्रव्य कुजून बनलेला काळसर अंश मातीच्या कणांना एकत्र बांधून त्यांचे रवाळ खडे करतो, रेताड जमिनीस पाणी धरावयास शिकवितो आणि भारी जमीन मोकळी करतो. त्याची आयन धरून ठेवण्याची शक्ती चिकणमातीपेक्षाही अधिक असते. जस्तासारख्या द्रव्यांना तो विरघळत्या रूपात ठेवतो, आम्लतेचा आघात सौम्य करतो आणि असंख्य जंतूंना आहार पुरवितो. १९७० साली भारतात दीर्घकालीन खत-प्रयोगांची अखिल भारतीय योजना सुरू झाली. निरनिराळ्या मातींत चाललेल्या तिच्या प्रयोगांचा कौल बहुतेक ठिकाणी एकच आला: समतोल रासायनिक खत आणि शेणखत यांचा संयोग वर्षानुवर्षे टिकाऊ उत्पन्न देतो.

मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असला तर ती जमीन या बाबतीत दरिद्री समजतात. देशातील विस्तीर्ण प्रदेश या वर्गात मोडतो. उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य लवकर जळून जाते, हे त्याचे एक कारण. पण माणसाचाही त्याला हातभार लागतो. शेण चुलीत जाळले जाते, याकडे जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात लक्ष वेधले होते आणि शेतकऱ्याला सरपण मिळाले तर शेण शेताकडे वळेल असे सुचविले होते. आता शेणाच्या जोडीला भाताचे काडही पंजाब-हरयाणाच्या शेतांत पेटविले जाते. त्या धुराची चर्चा शहरांत होते. धुराबरोबर मातीचे अन्न गेले, याची चर्चा क्वचितच होते.

माती वाचली तर

मातीचा दोष नेमका ओळखला तर ओसाड जमीनही पिकविता येते. उत्तर भारतातील ऊसर जमिनी, ज्यांना महाराष्ट्रात चोपण म्हणतात, पांढुरक्या, कठीण आणि निष्फळ असतात. त्यांच्या चिकणकणांना सोडियम चिकटलेले असल्याने कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचून राहते. सामू ९ व काही ठिकाणी १० च्याही वर जातो. येथे खतावर खत ओतणे व्यर्थ होय. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा-लवणता संशोधन संस्थेने या जमिनींसाठी एक पद्धती सिद्ध केली. बांध घालून जमीन सपाट करावयाची, माती तपासून ठरविलेल्या प्रमाणात जिप्सम मिसळावयाचा, पाणी साठवून सुटलेले सोडियम खाली धुऊन न्यावयाचे आणि पहिले पीक भाताचे घ्यावयाचे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व कण पुन्हा एकत्र येतात. धैंचासारखे हिरवळीचे पीक त्याला साहाय्य करते. पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेश या राज्यांत या मार्गाने लक्षावधी हेक्टर जमीन लागवडीखाली आली. येथे यश मिळाले ते मातीचे निदान आधी आणि उपचार नंतर झाल्यामुळे.

मग हाच क्रम सर्वत्र का पाळला जात नाही? शासनाने प्रयत्न केले नाहीत असे नाही. मृदा-परीक्षणाच्या प्रयोगशाळा १९५५-५६ पासून उभ्या राहू लागल्या. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा १२ बाबींची नोंद असते. कल्पना उत्तम आहे. तथापि आरंभीच्या वर्षांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहू क्षेत्रात १० हेक्टरांमागे एक नमुना घेण्याचे ठरले होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे. म्हणजे कोरडवाहू क्षेत्रात एकाच नमुन्यावरून सरासरीने नऊ शेतकऱ्यांच्या जमिनींचा निर्णय होणार! एका घरातील रुग्णाची नाडी पाहून साऱ्या आळीला औषध देण्यासारखेच हे झाले.

दुसरी अडचण किमतीची. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाश यांच्या खतांना अन्नद्रव्याच्या प्रमाणात अनुदान देण्याची पद्धती आली. युरिया मात्र त्याबाहेर ठेवण्यात आला आणि त्याची विक्रीकिंमत शासनच ठरवीत राहिले. साहजिकच युरिया इतर खतांच्या मानाने फार स्वस्त पडतो. पत्रिका सांगते, पालाश घाला, जस्त घाला, युरिया कमी करा. दुकानातील किमतीचा फलक नेमका याच्या उलट सांगतो. गरीब शेतकरी फलकाचे ऐकतो, यात त्याचा दोष नाही. अनुदान द्यावयाचे तर ते मातीच्या गरजेला धरून द्यावे. सेंद्रिय खत, चुना आणि जस्त यांनाही त्यात न्याय्य वाटा मिळावा. एरवी पालमपूरच्या उजाड वाफ्याची पुनरावृत्ती देशाच्या खर्चाने होत राहील.

तिसरी अडचण ज्ञानाची आहे, आणि ती दूर करणे शाळांच्या हाती आहे. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून हलविले की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीने गढूळलेले पाणी दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. ओल्या मातीची लांब सुरळी वळता आली तर तीत चिकणमाती अधिक. शिक्षकाने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून दाखवावा. फेस आला तर तीत चुनखडी आहे. नमुना घ्यावयाचा तर शेताच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडावी, एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवीत ठेवीत अर्धा किलोग्रॅम उरवावी. बांधाजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्यालगतची माती घेऊ नये. रंग वा उतार निराळा असेल तर नमुनाही निराळा घ्यावा. हे काम आठवीतील विद्यार्थी सहज करू शकतो आणि पत्रिकेवरील बारा अंक आपल्या वडीलधाऱ्यांना समजावूनही सांगू शकतो.

प्रत्येक ग्रामीण शाळेने आपल्या गावच्या मातीचा नकाशा तयार करावा, ग्रंथालयाने तो भिंतीवर लावावा आणि दर दोन-तीन वर्षांनी नव्या परीक्षणाप्रमाणे तो सुधारावा. यास फार मोठा खर्च लागत नाही. एक सेंटिमीटर माती घडावयास निसर्गाला शतके लागतात. ती नापीक करावयास काही हंगाम पुरतात. खताची गोणी फोडण्यापूर्वी पायाखालची माती कोणती आहे, हा प्रश्न ज्या गावात विचारला जाईल, त्या गावचे शेत पुढील पिढीलाही पिकते मिळेल.